श्वास आत घेतानाची शिट्टी

साइट कॅम्प, किन्नौर, हिमाचल
रविवार, १० नोव्हेंबर २०२४

चेतन दाजींना मुकेशचा जयभीम.

इंदुबाई मावशींनाही सांगा. घेतील की नाही माहीत नाही, तरी सांगा.

इकडे मी धडधाकट आहे. थंडी एवढी की सकाळी टूथपेस्ट ट्यूबमधून बाहेर यायला तयार नसते. जेवायला राजमा-भात, बदल म्हणून भात-राजमा. सुकटीच्या चटणीची आठवण आली की डोळ्यांत पाणी येतं, बाकी कशाने येत नाही. बोगदा पावणेदोन किलोमीटर आत गेलाय. आत जेवढी माणसं आहेत त्यांच्या नाकातली हवा माझ्या हातून जाते. बाहेर मोठा पंखा, छताला टांगलेला पिवळा कापडी डक्ट, म्हणजे हवेची नळीच, माणूस उभा राहील एवढी. तिला कुठे भोक पडलं, कुठे घडी पडली ते शोधायचं आणि नीट करायचं, हे माझं काम. दोन महिने झाले, अजून कोणाशी भांडण नाही. माझ्यासाठी हा रेकॉर्ड आहे.

पाकीट बघून तुम्हाला हसू आलं असेल. आठवी नापास मुकेश आणि पत्र! पण हे तुमच्याच सांगण्यावरून. गेल्या महिन्यात ताईला अंबरनाथला आईकडे सोडायला आलात, तेव्हा मी आईच्या फोनवर होतो. मागून तुमचा आवाज आला, "तोंडाने तो काहीपण बोलतो. त्याला म्हणावं लिहून दे, खाली सही कर, मग बघू." त्यानंतर तुम्ही माझा नंबर ब्लॉक केलात. आनंदनगरच्या रंगाच्या कंपनीत तुम्ही क्वालिटीला, सही असल्याशिवाय एक डबा गेटबाहेर सोडत नाही. मग घ्या, लिहून देतो.

तुम्ही तुमच्या आईला घेऊन ताईला बघायला शिवमंदिराजवळच्या आमच्या खोलीवर आलात, तेव्हा मावशींनी सरळ विचारलं होतं, "आमचे मालक छातीनेच गेले. घरात परत तो आवाज नको. तुमच्यात कुणाला दमा?" आईने ताईकडे बघितलं. ताईने तोंड उघडलं, तेवढ्यात मी म्हणालो, "नाय हो मावशी, आईला जरा धुळीची ॲलर्जी आहे." आईचा पंप तेव्हा माझ्या पँटच्या खिशात होता. बशा धुवायला ती मागच्या दारी गेली, तिथे जाऊन मी तिला दोन दाब दिले आणि परत येऊन तुमच्याशी क्रिकेटवर बोलत बसलो. ते खोटं माझं. आईचं नाही, ताईचं तर नाहीच.

त्या एका खोट्यामुळेच ताईला ऑगस्टमध्ये श्वास लागायला लागला तेव्हा तिने तुमच्याकडे तोंड उघडलं नाही. आईचा दमा आता हिला धरला, सासूला कळलं तर संपलं, असं तिच्या डोक्यात बसलं. तिने मला सांगितलं. मी तेव्हा अंबरनाथलाच होतो. मी तिला उल्हासनगरला एका डॉक्टरकडे नेलं, त्यांनी पंप दिला. तोच पंप मावशींना तांदळाच्या पिठाच्या डब्यात सापडला आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे. चौथ्या महिन्यातली बायको माहेरी आणून सोडलीत. राग बरोबर आहे. मी असतो तर मीही सोडली असती, असं नाही म्हणणार, पण राग बरोबर आहे.

आता कामाचं ऐका. यासाठी पत्र आहे.

मागच्या रविवारी मी वर टेकाडावर जाऊन, जिथे रेंज येते तिथून, आईला फोन लावला. आईने स्पीकर चालू करून फोन पलंगावर ठेवला. एका बाजूला आई, एका बाजूला ताई. दोघी दमलेल्या, नुकत्या पाणी भरून बसलेल्या. दोघींच्या छातीतून शिट्टी. मी बोलायचं सोडून ऐकत राहिलो. आई म्हणाली, "अरे मुक्या, आहेस का गेलास?" मी म्हणालो, "गप्प बसा दोघी. नुसता श्वास घ्या."

दाजी, आईची शिट्टी श्वास सोडताना वाजते. मी लहानपणापासून ती ऐकत झोपलोय, झोपेतही ओळखेन. ताईची शिट्टी श्वास आत घेताना वाजते.

आनंदनगरला मी कॉम्प्रेसरच्या लाइनवर होतो तेव्हा हरिचंद्र फिटर मला सांगायचे, शिट्टी कुठून येते ते नंतर शोध, ती कधी येते ते आधी ऐक. इथे तर रोज बघतो. पंखा हवा ढकलत असेल तर कापडी नळी फुगते, अडथळा असला तरी थोडी वाट मिळते. पंखा हवा ओढत असेल तर तीच नळी आत चिकटते, आणि जिथे आधीच काहीतरी अडलंय तिथे ती चिरकते. ताईची नळी ओढताना चिरकते. म्हणजे दोघींचा बिघाड एक नाही.

मी खात्री केली. आईला म्हटलं दोन दाब घे, ताईलाही दे. वीस मिनिटांनी आईची शिट्टी अर्ध्यावर. ताईची होती तशीच. इथल्या फर्स्ट-एडच्या डॉक्टरला सगळं सांगितलं. पहाडी माणूस आहे, कमी बोलतो. म्हणाला, "भाई, ये दमा नहीं लगता. गले या नली में कुछ हो सकता है. पेट बड़ा होने से पहले दिखाओ." पोट वर सरकलं की फुप्फुसाला जागाच उरत नाही, मग अर्ध्या बंद नळीवर दोन जिवांचं काम कसं चालेल, असं त्याचं म्हणणं.

ताईला म्हटलं, उद्या जा. ती म्हणाली, "तुझ्या सांगण्यावर मी एकदा गेले होते मुक्या. आता हे आल्याशिवाय मी उंबरा ओलांडणार नाही. पोटात त्यांचं मूल आहे." आणि तिची सोनोग्राफीची फाइल हेंद्रेपाड्यात तुमच्या घरी, मावशींच्या कपाटात आहे.

म्हणून दाजी, तुम्ही जा. फाइल घेऊन जा. छातीच्या डॉक्टरकडे न्या, आणि दमा आहे का असं विचारू नका, श्वास आत घेताना शिट्टी का वाजते असं विचारा. माझ्यावरचा राग राहू द्या. मी कुठे पळून जातोय? (पळून तर गेलायसच, असं म्हणाल. ते पण खरं.)

सर्व लिहिलेलं खरं आहे, सही करतो.

तुमचा मेहुणा, अजून मानत असाल तर,
मुकेश


साइट कॅम्प, किन्नौर
रविवार, २४ नोव्हेंबर २०२४

चेतन दाजी, जयभीम.

तुम्ही गेलात! आईने सांगितलं, पत्र मिळालं त्याच दिवशी ड्युटीवरून सरळ आलात, बूटसुद्धा न काढता दारात उभे, काखेत फाइल. ताईला म्हणालात, "तुझा भाऊ हवेतला इंजिनियर झालाय म्हणे. चल, बघू." ताई ते सांगताना हसली आणि हसताना खोकली. दाजी, मान गया.

मुंबईच्या हॉस्पिटलातल्या छातीच्या डॉक्टर किर्ती मॅडमने तिला नळीत फुंकायला लावलं ते पण कळलं. जोरात सोड, जोरात ओढ, परत सोड. कागदावर जे चित्र आलं ते आईने मला फोनवर सांगितलं. वरच्या बाजूला टेकडी आहे आणि खालच्या बाजूला, जिथे तशीच खोल दरी पाहिजे होती, तिथे पत्र्यासारखं सपाट. खालची बाजू म्हणजे श्वास आत घेतानाची. मी इथे एकटाच टेकाडावर ओरडलो, "बोललो होतो ना!" एक मेंढी दचकली.

पण मग पुढचं ऐकलं.

मॅडम म्हणाल्या हा दमा नाही, श्वासनळीत काहीतरी अडलंय, गळ्याचा आणि छातीचा सीटी स्कॅन लगेच करा. आणि ताई नाही म्हणाली. तुम्ही समजावलंत, नाही. मॅडमने समजावलं, नाही. आईने मला तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले: "पोटात बाळ असताना फोटो काढला तर बाळ आंधळं होतं. मुकेशने सांगितलंय." आणि मावशी म्हणाल्या, "आयुष्यात एकदा तो पोरगा खरं बोलला असेल. नाय काढायचा फोटो."

दाजी, मागच्या पत्रात मी सही केली होती की सर्व खरं आहे. जेवढं लिहिलं तेवढं खरं होतं. बाकीचं लिहिलं नव्हतं. ते आता लिहितो.

ऑगस्टच्या शेवटी ताई मावशींना सांगून निघाली, भावाबरोबर उल्हासनगरला साडी घ्यायला जाते. दोन महिने झाले होते तिला, नुकतंच कळलं होतं. आम्ही कापड बाजारात शिरलो, सिंधी दुकानदाराने "आओ साईं" करून चाळीस साड्या उलगडल्या, आम्ही एक उचलली आणि मागच्या गल्लीतल्या डॉक्टरकडे गेलो. म्हातारे डॉक्टर, चांगले होते. त्यांनी ताईला विचारलं, "बेटी, कधीपासून? काय होतं?" ताई म्हणाली, "डॉक्टर, मला ना..." आणि मी म्हणालो, "आमच्या आईला दमा आहे, हिला पण तोच आहे. पंप लिहून द्या, घाई आहे."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. तपासलं. पंप लिहिला. पण वर एक चिठ्ठी पण लिहिली. फुंकायची टेस्ट, आणि पोटावर शिशाचं एप्रन बांधून छातीचा फोटो. मला म्हणाले, "पंपाने आठ दिवसांत फरक नाही पडला तर हे करायचंच." ताई तेव्हा बाहेर बाकावर साडीची पिशवी घेऊन बसली होती. बाहेर येऊन मी तिला सांगितलं, काही नाही, पंप घे, बरी होशील. चिठ्ठी खिशात घातली. एक्स-रेचं ते मोठं पिवळं पाकीट मावशींपासून कुठे लपवणार, हा माझ्या डोक्यातला विचार. दुसरा विचारच नव्हता.

पुढे आठ दिवसांनी तिचा फोन, "पंपाने काही होत नाही रे." मी म्हणालो, जोरात दाब. परत फोन, "थुंकीत लाल धागा दिसला." मी म्हणालो, ब्रश जोरात केला असशील. परत फोन, "एखादा फोटो काढून बघू का?" तेव्हा मी ते आंधळ्या बाळाचं सोडून दिलं. कुठे ऐकलंही नव्हतं, तोंडात आलं ते बोललो. दोन दिवसांनी या कामाची बातमी आली आणि मी बॅग भरली. सगळ्यांना वाटलं मुकेशचं बूड एका जागी टिकत नाही. ते खरं आहेच, पण त्या वेळी मी तिच्या फोनपासून पळालो.

तुमच्या घरच्यांना म्हणालो दमा नाही. डॉक्टरांना म्हणालो दमाच आहे. दोन्हीकडे तोंड उघडलं होतं ताईने.

काल आईकडून नंबर घेऊन मी किर्ती मॅडमला फोन केला. आधी त्यांनी मला झापलं. मग नीट सांगितलं. स्कॅन गळ्याचा आणि छातीचा आहे, पोट त्यात येत नाही, वरून एप्रन. बाळापर्यंत जे पोचेल ते इतकं किरकोळ की त्यांनी स्वतःच्या बहिणीला गरोदरपणाच्या याच महिन्यात बेधडक करायला लावलं असतं. मग म्हणाल्या, "धोका फोटोत नाही मुकेश, माहीत नसण्यात आहे. उद्या अचानक सिझर करावं लागलं, भूल देणाऱ्याने घशात नळी घातली आणि पुढे काय अडलंय हे त्याला ठाऊकच नसेल तर..."

ती चिठ्ठी या पाकिटात घातली आहे. तारीख बघा, शिक्का बघा. तीन महिने माझ्या पाकिटात घडी घालून होती, फेकायची हिंमत झाली नाही, दाखवायची पण नाही. ताईला द्या. हे पत्र तिच्यासमोर मोठ्याने वाचा, मावशींसमोर पण. मावशींना सांगा, ते एकदा बोललेलं खरं पण खोटंच होतं. काय शिव्या द्यायच्या त्या त्यांनी द्याव्यात, मी उलट बोलणार नाही. पण स्कॅन या आठवड्यात झाला पाहिजे.

आणि दाजी, वाचून झाल्यावर ताई काय म्हणते ते ऐका. मध्ये बोलू नका. ते काम आजपर्यंत मीच करत आलो.

मुकेश
(खरा, पूर्ण)


साइट कॅम्प, किन्नौर
रविवार, २९ डिसेंबर २०२४

प्रिय ताईला मुकेशचा जयभीम आणि पोटातल्या पाव्हण्याला पापा.

मी नीट पोचलो. आता इथे बर्फ आहे, सगळं पांढरं, माझा पिवळा डक्टच तेवढा रंगीत. पोरांनी विचारलं, बहीण कशी आहे? मी म्हटलं, गप्प आहे. ते घाबरले. मग समजावून सांगितलं की आमच्याकडे तिच्या छातीचं गप्प असणं ही सगळ्यात मोठी खुशखबर आहे.

त्या दिवशीचं तुला काहीच आठवत नसेल, तू भुलीत होतीस. मी सांगतो. तू हो म्हणालीस त्या स्कॅनमध्ये दिसलेली गाठ काढायला एकोणीस तारखेला तुला आत नेलं आणि आम्ही बाहेर बाकावर. दाजी उभे, आई भिंतीला टेकून, आणि मधोमध मी आणि मावशी. दीड तास मावशी माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. मग डब्यातून एक भाकरी काढून अर्धी माझ्या हातावर ठेवली.

"खा."

"मावशी, मला..."

"खा म्हटलं ना. तोंडात घास असला म्हणजे खोटं बोलता येत नाही."

मी खाल्ली. मग त्या म्हणाल्या, "माझ्या मालकांना पण पंपच दिला होता. कुणी ऐकलं नाय शिट्टी कधी वाजते. ऐकायचं असतं हेच ठाऊक नव्हतं." एवढंच. मी पण काही बोललो नाही. घास होता.

तुझी गाठ किर्ती मॅडमने आम्हाला बाटलीत दाखवली. बारवीच्या रानातलं करवंद असतं ना, पिकायच्या आधीचं, लालसर, तेवढी. गळ्याच्या खाली, छाती सुरू होते तिथे, नळीच्या भिंतीला चिकटलेली. नळीचा जवळजवळ पाऊण रस्ता तिने अडवला होता. दुर्बीण घालून त्यांनी ती कापून काढली. आत बाळाचे ठोके मोजायला दुसरे डॉक्टर बसले होते, ठोका चुकला नाही. मॅडम म्हणाल्या अशी गाठ त्यांनी आजवर दोनदाच बघितली, आणि गरोदर बाईत कधीच नाही. दाजी लगेच म्हणाले, "आमच्याकडे साधा माल नसतोच." भीतीने पांढरे पडले होते, तरी बोलले.

मग तुला बाहेर आणलं. मावशी वाकून तुझ्या तोंडाजवळ कान घेऊन गेल्या आणि एकदम ओरडल्या, "सिस्टर! हिचा श्वास थांबला! काय आवाजच येत नाय!" सिस्टर धावत आली, बघितलं, हसली. "थांबला नाही आजी. मोकळा झालाय." मावशी तिथेच जमिनीवर बसल्या. तुझा हात त्यांनी संध्याकाळपर्यंत सोडला नाही. हे त्या तुला सांगणार नाहीत, म्हणून मी सांगितलं.

आता इथपर्यंत मी तुला हसवलं. पुढचं तसं नाही. दाजी समोर बसले असतील. त्यांना सांग, जरा जवळ सरका.

शुक्रवारी गाठीचा रिपोर्ट आला. मॅडमने दाजींना बोलावलं आणि म्हणाल्या, "पेशंटला सांगायलाच हवं. तुम्ही सांगता की पुढच्या भेटीत मी सांगू?" दाजी घरी आले. मग फोनवर सगळे, दाजी, आई, मावशी आणि टेकाडावर मी. आई म्हणाली, पोरीचं बाळंतपण होऊ दे, मग बघू. मावशी म्हणाल्या, दूध आटेल तिचं. दाजी म्हणाले, "तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे, कशाला तिच्या जिवाला घोर?" तिघांचाही तुझ्यावर जीव आहे म्हणून बोलत होते, ताई. माझ्या तोंडातही तेच आलं होतं. ओठापर्यंत आलं होतं, की हो, आपण सांभाळू, तिला काय कळतंय.

मी म्हणालो, नाही. तिला सांगायचं.

दाजी चिडले. "तू तिकडे डोंगरावर बसून बोलतोयस, समोर मला बसायचंय!" मी म्हणालो, "म्हणूनच दाजी. समोर तुम्ही बसा, सांगतो मी." मग ते म्हणाले, "फोनवर तुला जमणार नाही, तू काहीतरी जोक मारशील. लिही. स्पीड पोस्ट कर. रिपोर्ट मी सोबत ठेवतो, शब्द न् शब्द जुळला पाहिजे." क्वालिटीचा माणूस.

ताई, ती गाठ कॅन्सरची आहे.

परत वाच हवं तर. मी इथेच आहे.

आता बाकीचं, जसं मॅडमने सांगितलं तसं, मी कमी केलं नाही आणि वाढवलं नाही. रिपोर्टवर नाव म्यूकोएपिडर्मॉइड आहे, दाजींनी पाठवलेला फोटो अक्षर अक्षर बघून मी लिहिलं. पुढे लो ग्रेड लिहिलंय. म्हणजे हळू वाढणारी, आणि सहसा दुसरीकडे न पसरणारी. स्कॅनमध्ये फुप्फुसात, गळ्याच्या गाठींमध्ये कुठे काही दिसलेलं नाही. रस्ता अडवणारा भाग निघाला, पण नळीच्या भिंतीत तिचं मूळ थोडं आहे. बाळंतपण झालं, तू सावरलीस की एक ऑपरेशन करायचं. नळीचा तेवढा तुकडा कापायचा आणि दोन टोकं जोडायची. लो ग्रेड असेल आणि पूर्ण निघालं तर बहुतेक लोक बरे होतात, असं त्या म्हणाल्या. "बहुतेक" हा शब्द त्यांचाच आहे, मी "सगळे" केला नाही. तोपर्यंत दर तीन आठवड्यांनी दुर्बिणीने बघत राहायचं. बाळंतपण त्याच हॉस्पिटलात, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांकडे तुझ्या नळीचं चित्र आधीच आहे. अंधारात कोणी काही करणार नाही. गाठीचा बाळाला काही धोका नाही, तसं मी वेगळं विचारून घेतलं.

खराब तुकडा कापून दोन टोकं जोडणं म्हणजे काय ते मला माहीत आहे ताई, रोज करतो. नीट जोडलं की हवेला कळतसुद्धा नाही तिथे कधी काही होतं. आणि तुझं तर माझ्या हाताने नाही, मॅडमच्या हाताने होणार आहे. त्यामुळे मी निर्धास्त आहे. खरंच आहे. खोटा धीर द्यायचा असता तर फोन केला असता.

पण तू निर्धास्त असायला पाहिजे असं नाही. रडावंसं वाटलं तर रड. दाजींवर चिड, माझ्यावर तर चिडच, तीन महिन्यांची चिठ्ठी तुझ्याकडे आहे. बाळंतपणाआधी काय करायचं, नंतर काय करायचं, दुसऱ्या डॉक्टरांना विचारायचं का, डोहाळजेवण करायचं की नको, सगळं तू सांग. मावशींना मी सांगून ठेवलंय की येत्या नऊ तारखेला, गुरुवारी, मॅडमसमोर कोणी मध्ये बोलायचं नाही. त्या म्हणाल्या, "मला काय सांगतोस, स्वतःला सांग." बरोबर आहे.

म्हणून गुरुवारी मी फोनवर पण नसेन. मॅडम तुला विचारतील आणि तू बोलशील. दम घेऊन बोल, आता दम आहे. जेवढं बोलायचंय तेवढं बोल, कोणाला घाई नाही.

तू काय ठरवलंस ते मला दाजींकडून नको, आईकडून पण नको. तुझ्या तोंडून ऐकेन.

न विचारता बोलत आलेला,
आता ऐकायला बसलेला
तुझा भाऊ,
मुकेश